तीन दिवसांचं सुतक

आमच्या शेजारच्या वासूकाका मयेकरांच्या घरातून सलग तीन दिवस मासळीचा वास आला नाही, की आळीतली माणसं दोनच गोष्टी विचारायची. एक, घरात कोणी गेलं का? दोन, भारत फुटबॉलमध्ये हरला का? पहिल्याचं उत्तर देवाच्या दयेनं नेहमी 'नाही' असायचं. दुसऱ्याच्या बाबतीत देवानं कधी फारशी दया दाखवली नाही.

वासूकाका भारताच्या फुटबॉल संघाचं सुतक पाळत. थट्टेनं नव्हे, अगदी रीतसर. संघ हरला की तीन दिवस मासळी बंद, दाढी बंद, देवळात पाऊल नाही, कोणाच्या बारशाला-मुंजीला हजेरी नाही. चौथ्या दिवशी सकाळी डोक्यावरून आंघोळ, गुळगुळीत दाढी, आणि मग पिशवी घेऊन मिरकरवाड्याच्या बंदराकडे. रत्नागिरीच्या माणसानं मासळी सोडणं म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगून कळायचं नाही. आमच्याकडे भांडण झालं तर माणूस सख्ख्या भावाशी बोलणं सोडतो, पण त्याच भावानं बांगडे पाठवले तर ठेवून घेतो.

ही सन ऐंशीच्या पुढची गोष्ट. वासूकाकांची उमेदीची सगळी वर्षं बोटींवर गेली होती. इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून चढले आणि केस पांढरे करून उतरले. साठी ओलांडल्यावरही बंदरावरच्या लाँचींची डिझेल इंजिनं दुरुस्त करत. कानाला दडे बसलेले, त्यामुळे स्वतः मोठ्यानं बोलत. त्यांनी काकींच्या कानात सांगितलेलं गुपित आम्हाला माजघरात ऐकू येई.

हे तीन दिवस त्यांनी मनानं ठरवलेले नव्हते. त्यासाठी त्यांनी आमच्या आळीतल्या भटजीबुवांचा सल्ला घेतला होता, आणि त्या प्रसंगी मी हजर होतो. अडचण अशी होती, की मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारच्या एसटीनं यायचं आणि परदेशातल्या फुटबॉलची बातमी त्यात दोनदोन दिवस उशिरा, एखाद्या मलमाच्या जाहिरातीखाली सापडायची.

"भटजीबुवा," काका म्हणाले, "सुतक गेल्या दिवसापासून धरायचं, की कळल्या दिवसापासून?"

"मुदतीच्या आत कळलं तर उरलेले दिवस. मुदत टळल्यावर कळलं तर नुसती आंघोळ," भटजीबुवा सुपारी कातरत म्हणाले. "आईबाप गेले असतील तर मात्र मुलाला केव्हाही कळो, कळल्यापासून पुरे दहा दिवस. पण गेलं कोण?"

काका मग म्हणाले, "आपली टीम."

"कुठे गेली?"

"कुठं जातेय? हरली."

भटजीबुवांनी अडकित्ता खाली ठेवला. पण बुवाही रत्नागिरीचेच. आलेला यजमान परत पाठवायची त्यांची रीत नव्हती. थोडा विचार करून म्हणाले, "वासुदेवराव, टीम तुमच्या भावकीत बसत नाही. मामाकडच्यात बसवू. तीन दिवस पुरे."

तेव्हापासून भारताचा फुटबॉल संघ वासूकाकांचा मामा झाला.

सामना बरोबरीत सुटला तर काय, हा प्रश्न मात्र काकांनी स्वतःच सोडवला. हरले तर वरण-भात, बरोबरी झाली तर सुकट, जिंकले तर पापलेट. त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून सुकटीचा वास आला, की कचेरीतून दमून येणारी माणसंही रस्त्यावरूनच म्हणत, "वा, आज वाचलो म्हणायचे."

यात खरे हाल होते ते काकींचे. इतर घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळले की संपलं. काकींना त्यात फुटबॉलचे वार. त्या मला गाठून म्हणत, "सुधाकर, तुझ्या पेपरात वाईच बघून सांग रे, पुढच्या आठवड्यात ती मेली पोरं कुठं खेळायला जाणार हायत काय? कोळीण दारात येते तर मला उत्तर देता येत न्हाय. तिला काय सांगू, की परदेशातून अजून कळलं न्हाय म्हणून?"

क्रिकेटचं वासूकाकांना अजिबात कौतुक नव्हतं. आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा सगळी आळी फटाके उडवत होती आणि काका ओट्यावर बसून इंजिनाचा पंप घासत होते. "दोघं धावतात," ते म्हणाले, "आणि बाकीचे पंगतीत वाढप्याची वाट बघतायत तसे उभे. ह्याला खेळ म्हणतात? अरे, फुटबॉलात दमलेला माणूस दिसतो तरी."

संघाच्या प्रत्येक पराभवाला त्यांच्याकडे कारण तयार असे. मैदान ओलं होतं, पंच आंधळा होता, पोरं बोटीनं गेली असती तर अंगात ताकद राहिली असती, विमानानं माणूस पोकळ होतो. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे गोलपोस्ट. "पोस्टाला लागला रे," ते छातीवर हात ठेवून सांगत. "नायतर जिंकलेच होते."

एकदा ते हे असं ओट्यावरून ओरडून सांगत असताना समोरच्या बायोआक्का थांबल्या. त्यांना तीन उपवर नाती होत्या.

"कोण लागला पोस्टाला?" त्यांनी विचारलं.

"बॉल," काका म्हणाले.

"कोणाचा मुलगा? बामणाचा की आपल्यातला?"

आक्कांचा गैरसमज निघायला आठवडा गेला. मधल्या काळात त्यांनी त्या पोस्टाला लागलेल्या मुलाची पत्रिका मागवण्यापर्यंत मजल मारली होती.

शिमग्यात पालखी दारात आली की घरातला कर्ता माणूस गाऱ्हाणं घालतो. लोक मुलाची नोकरी, गाईचं दूध, आंब्याचा मोहर असलं काहीबाही मागतात. वासूकाका हात जोडून म्हणत, "बा देवा म्हाराजा, अकरा लेकरं दूरदेशी गेली हायत, त्यांच्या पायाला यश दे, त्यांच्या वाटेत उभा ऱ्हाणाऱ्याची बुद्धी फिरव." सगळी मंडळी खच्चून "व्हय म्हाराजा" म्हणायची. एका वर्षी पालखीबरोबरच्या एका नवख्या म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "ह्येला अकरा लेकरं?"

खरं तर त्यांना एकच मुलगी, शैला. तिचं लग्न त्या वर्षी सावर्ड्याला झालं, भुसारी दुकान असलेल्या घरात. घर चांगलं, मुलगा चांगला, पण व्याही फार मानी. लग्नात त्यांच्या मामेभावाच्या पानात वडा उशिरा पडला, तर ते दोन महिने ती गोष्ट सांगत होते. शैलाला सासरी त्या वड्याचा वास रोज येत होता. त्यामुळे जावई आणि व्याही पहिल्यांदाच जेवायला येणार म्हटल्यावर काकींची धांदल उडाली. सावर्ड्याला समुद्र नाही. महामार्गावरच्या बाजारात बर्फातली मासळी मिळते ती मिळते. "आमच्या बापानं ताज्या पापलेटाची पंगत घातली," एवढं शैलाला म्हणता आलं की त्या वड्याचं नाव निघणार नव्हतं. रविवार ठरला.

आणि मग शुक्रवारी परदेशात भारताचा सामना निघाला.

काकींनी नवऱ्याला विनवलं, धमकावलं. "अवो, एक वेळ सुतक सोडा. पोरीच्या सुखाचा प्रश्न हाय."

"आधी हरू तर देत," काका म्हणाले. "तू आत्तापासून वरण काय टाकतेस?" पण सुतक सोडीन, असं काही ते म्हणाले नाहीत.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. मी घरी आलो तर काकी आमच्या ओट्यावर येऊन बसलेल्या. वर्तमानपत्र हातात घट्ट धरलेलं, कारण त्यांना नीट वाचता येत नव्हतं आणि दुसऱ्या कोणाला वाचू द्यायचं नव्हतं. मी शेवटचं पान उघडलं. बातमी या वेळी वेळेवर आली होती, एवढाच तिचा गुण.

"हरले," मी म्हणालो.

"थोडक्यात?"

"तसं म्हणवत नाही."

काकी पदरानं तोंड पुसत राहिल्या. नेहमी फुटबॉलला शिव्या देणारी ती बाई अशी गप्प बसलेली मला पाहवेना. मी म्हटलं, "काकी, काकांना सोमवारपर्यंत कळलं नाही तर?"

आमचं वर्तमानपत्र तांदळाच्या डब्यात गेलं. पण वाचनालयात दुसरी प्रत येत असे, आणि काका आमच्याकडे पेपर मिळाला नाही की तिकडे जात. मी चपला घातल्या आणि धावत वाचनालय गाठलं. शेवटचं पान काढलं, घडी केली, खुर्चीवर ठेवलं आणि त्यावर बसलो. दोन तास बसलो. मासिकं चाळली, शेतीच्या अंकातला गांडूळखतावरचा लेख दोनदा वाचला. मला उठताच येत नव्हतं, कारण समोर ग्रंथपाल बसले होते.

पाचच्या सुमारास वासूकाका आत आले. टेबलावरचे अंक वरखाली केले. मग माझ्याकडे आले आणि त्यांच्या मते हळू आवाजात विचारलं. सगळ्या वाचनालयानं मान वर केली.

"सुधाकर, काय झालं रे मॅचचं?"

मी 'कळलं नाही' म्हणणार होतो. अगदी तयारी करून बसलो होतो. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "जिंकलो, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कितीनं?"

"एका गोलनं."

"कोणी मारला?"

"लेफ्ट आऊटनं."

"डाव्या पायानं?"

"डाव्या," मी म्हणालो. खोटं एकदा बोलायला लागलं की पायाशी कशाला थांबायचं. "आधी पोस्टाला लागला आणि मग आत गेला."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "पोस्टाला लागून आत गेला," ते म्हणाले. "बरं झालं, बरं झालं." आणि गेले. मी मात्र त्या पानावर आणखी अर्धा तास बसलो, ग्रंथपाल उठेपर्यंत.

रविवारी सकाळी काका बंदरावरून आले ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. तळहातापेक्षा मोठी पापलेटं, वर एक सुरमई. दाढी गुळगुळीत. जेवायला मलाही बोलावणं होतं, 'बातमी त्यानं आणलीन' म्हणून. त्या मानापायी मी काकांच्या नजरेला नजर न देता जेवत होतो. व्याही खूश होते. जावई तर तिसऱ्या तुकडीनंतर सदऱ्याचं बटण सैल करून बसला. शैला आतून बाहेर, बाहेरून आत करत होती आणि दर वेळी तिचा चेहरा अधिक मोकळा दिसत होता. काका स्वतः वाढत होते. "तुम्ही बसा की," व्याही म्हणाले, तर म्हणाले, "यजमानानं मागून बसावं. एखाद्याच्या पानात वडा उशिरा पडायचा." व्याही आधी चमकले आणि मग इतके मोठ्यानं हसले की तो वडा तिथेच संपला.

जेवणं उरकली. मंडळी ओट्यावर पानाचं तबक घेऊन बसली. मी हात धुवायला मागल्या दारी गेलो. तिथे, आंब्याच्या झाडाकडच्या पायरीवर, वासूकाका मांडीवर ताटली घेऊन बसले होते. ताटलीत वरण-भात होता. बाजूला मीठ. बाकी काही नाही.

मी तसाच उभा राहिलो. हातातला तांब्या कुठे ठेवावा तेही सुचेना.

"बस," काका म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा खरोखरच हळू आवाजात म्हणाले, "लाँचीवर ट्रान्झिस्टर असतो रे. मला शनिवारी सकाळीच कळलं."

"मग वाचनालयात..."

"तू पेपरावर बसला व्हतास, कोपरा बाहेर आलेला. मी बघत व्हतो, किती लांब जातोस ते. पोस्टाला लावलास तिथं मला पटलं, पोराची माया हाय आपल्यावर." त्यांनी भात कालवला. "दाढी केली ती पोरीसाठी. तेवढं चालतं. खाणं मात्र जमलं न्हाय."

मला लाज वाटली आणि थोडा रागही आला. मी म्हणालो, "काका, पण हे सगळं कशासाठी? ते लोक तुम्हाला ओळखत तरी आहेत का?"

"एकजण वळखतो," काका म्हणाले. "म्हणजे, वळखत व्हता."

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा ते तिशीचे. बोट कुठल्याशा लांबच्या बंदराला लागली आणि टपाल आलं. त्यात घरचं पत्र होतं, तीन महिन्यांपूर्वीचं. आयस गेली. मुलानं केव्हाही कळलं तरी दहा दिवस पाळायचे, हे त्यांना तेव्हाही ठाऊक होतं. ते साहेबाकडे गेले. साहेबानं विचारलं, दहा दिवस इंजिन कोण बघणार? त्या दिवशी बोटीवर जे शिजलं होतं ते त्यांनी खाल्लं आणि पाळीवर गेले.

"रडायला जागाच नव्हती रे. इंजिनरूममधे रडलं तर घामच वाटतो. संध्याकाळी सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, मला वढत बाहेर घेऊन गेला. बोलला, आपली टीम आलीय हितं खेळायला, चल. आम्ही पाच जण. बाकी सगळं मैदान त्यांच्या माणसांनी भरलेलं. आणि आपण हरलो. शिट्टी झाली, ते लोक नाचायला लागले, आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना. कुंपणाला धरून रडत व्हतो. तर आपल्यातला एक खेळणारा, घामानं चिंब, गुडघा फुटलेला, तो लांबून आला. कुंपणावरून हात घातलान आणि माझ्या डोक्यावर ठेवलान. बोलला, 'रोइए मत, चाचा. अगली बार जीतेंगे.' मी तिशीचा, चाचा कसला? पण रडणारा माणूस म्हातारा दिसतो."

ओट्यावरून व्याह्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"त्याला वाटलं, मी त्यांच्यासाठी रडतोय. त्याला काय सांगणार, की बाबा, मी आयशीसाठी रडतोय, तुमच्यासाठी न्हाय? बरं दिसलं असतं? तो स्वतः हरलेला. पण सुधाकर, माझ्या आयशीच्या समाचाराला आलेला तो एकटा माणूस. आणि त्याला ते ठाऊकच न्हाय. मंग त्यांचं सुतक मी पाळू नको?"

मी शेवटी विचारलं, "काकींना सांगितलंत?"

"खुळा की काय. तिला कळलं तर रडेल, आणि परत कधी शिव्या द्यायची न्हाय. मंग घरात काय ऱ्हायलं?" त्यांनी ताटली पुसून खाल्ली. "एवढंच वाटतं, आयशीचा कडू घास काय मिळाला न्हाय. बोटीवर कोण आणणार?"

ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात करून नेतात, समोर बसून खायला लावतात. तो कडू घास. वासूकाकांना तो द्यायला तीन हजार मैलांत शेजारी नव्हता.

संघाला पुन्हा हरायला फार दिवस लागले नाहीत. मी बातमी वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि आमच्या हिला पिठलं-भात करायला सांगितलं.

"अगो बाई, गेलं कोण?" तिनं विचारलं.

"काकांची आई," मी म्हणालो.

"आत्ता?"

"बरीच वर्षं झाली. कळलं आत्ता."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, पण चूल पेटवली. मी झाकलेलं ताट घेऊन शेजारी गेलो. काका ओट्यावर होते, दोन दिवसांची दाढी वाढलेली. काकी दारातून म्हणाल्या, "हरलेच ना मेले? आता शेजारूनपण वरणच यायला लागलं काय?" काकांनी झाकण उचललं. पिठलं पाहिलं, भात पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना समजलं.

मी त्यांच्या समोर बसलो. रीत असते, समोर बसायची.

त्यांनी हात धुतला, पण घास उचलेनात. मी म्हणालो, "पुढच्या वेळी जिंकतील, चाचा."

वासूकाका खाली मान घालून जेवले. काकींनी दारातूनच विचारलं, पिठलं तिखट झालंय का, नाकाडोळ्यांतून पाणी येतंय म्हणून. "व्हय," काका म्हणाले, "वाईच तिखट झालंय," आणि ताट माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू पण घे."